गोपीनाथ मिस्त्रींचा ठोका

१

पंख पडला तेव्हा शेडमध्ये कोणीच नव्हतं. असतं तर निदान एकाला धरून चार शिव्या तरी हासडता आल्या असत्या.

सोमवारी सकाळी मितेशने कोलशेतच्या त्या पत्र्याच्या शेडचं कुलूप काढलं. खाडीच्या अगदी तोंडाशी, एका बंद कारखान्याच्या मागे ही शेड. आत ऐंशी वर्षांचं दोन आसनी लाकडी विमान. मितेशचे आजोबा मिठागरावर राबायचे, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत हेच विमान एकदा बांधावर उतरलं होतं. नातवाने ते भंगारातून शोधून आणलं होतं, पुन्हा उडवायचं म्हणून.

विमानाचा डावा पंख सोडवून लाकडी घोड्यांवर आडवा ठेवलेला असायचा. वरून उघडा, आतल्या फासळ्या दिसतील असा, खाली प्लायवूडचा तळ. त्या सकाळी तळ जमिनीवर पडला होता, आणि त्यावर जवळजवळ प्रत्येक फासळी सुटी होऊन निजली होती. एकही मोडलेली नाही. कुठे करवतीची खूण नाही, पहारीचा ओरखडा नाही. कोणीतरी शांतपणे शिवण उसवून ठेवावी तसा पंख उसवला होता.

आणि शेडभर नासक्या दुधाचा वास.

मितेश तसा भिणारा गडी नव्हे. पण त्या वासाने तो उलट्या पावली बाहेर आला. या शेडमध्ये दुधाच्या चोथ्यात चुना घोटून गोंद करणारा एकच माणूस होता, गोपीनाथ मिस्त्री. आणि गोपीनाथ मिस्त्री संक्रांतीनंतर चार दिवसांनी, झोपेतच, वारले होते.

२

वर्षालीताई डोंबिवलीहून आल्या तेव्हा भर दुपार झाली होती. वय बावन्न, अंगाने किरकोळ, जिभेने तिखट. सव्वीस वर्षं त्यांनी एमआयडीसीतल्या एका गोंदाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली. कारखाना बंद पडला, ताई पडल्या नाहीत. कुठे जिना निखळला, कुठे मंडपाची कमान कोसळली की लोक त्यांना बोलावत. तुटलेला सांधा बघून तो कशाने मेला हे त्या सांगत, आणि सांगताना कोणाची भीडभाड ठेवत नसत.

शेडच्या दाराशी एक जुनी होडी पालथी पडली होती. तिच्यावर ओली गोणपाटं, त्यांतून पाणी ठिबकत होतं. शेजारी सत्तरी ओलांडलेला म्हातारा उकिडवा बसला होता. दाजी, शेडचा राखणदार. जन्मभर होड्या बांधलेला कोळी. त्याचे डोळे सुजले होते.

"मी दोन दिस खडवलीला गेलेलो बाय," तो न विचारताच म्हणाला. "भाचीची हलद होती. तवऱ्यात झाला. मी असतो तं नसता झाला."

ताईंनी मान डोलावली. म्हणजे हा तरी तिथे नव्हता, एवढंच त्यांनी मनात टिपलं.

मितेशने आत नेलं. "ताई, मी सरळ बोलतो. गोपीनाथ गेले, पुढचं काम त्यांच्या पोरीने केलं. प्राप्तीने. तिने काहीतरी भलताच गोंद लावलाय. परवा, बुधवारी, तपासणी ठरली होती. तपासणी झाली असती की वरून कापड चढलं असतं, मग आतलं कोणाला दिसणार? आणि पहिल्या उड्डाणाला पायलटच्या बाजूला तीच बसणार होती. खाडीवर गेल्यावर असा उसवला असता तर?" त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. "तिचं इंजिनिअरचं लायसन काढून घ्या, असं पत्र मी टाईप करून ठेवलंय. बुधवारी पाठवतोय. तुम्ही फक्त खात्री करून द्या."

"खात्री मी करून घेते. देत नाही," ताई म्हणाल्या. "इथे कोण कोण येतं?"

"गेटवर कॅमेरा आहे, मी सगळं बघितलं. मी, प्राप्ती, दाजी. आणि गोंदाचे डबे द्यायला रत्नदीप, तोही अधूनमधून. बाहेरचं कुत्रं आलेलं नाही. गोपीनाथ गेल्यावर मी सक्त सांगितलेलं, प्राप्तीशिवाय कोणी विमानाला हात लावायचा नाही." त्याने आवाज उतरवला. "पण गेल्या बुधवारी सकाळी मी आलेलो तेव्हा पंखाच्या कडेला ओले पंजे उमटलेले. माणसाचे. बघता बघता सुकून गेले."

ताई काही बोलणार, तेवढ्यात आवाज आला.

टक.

बाहेर ओहोटी लागली होती, तिवरांत पान हलत नव्हतं, पत्रा तापून वाकत होता. पुन्हा आवाज आला. टक. टक. विमानाला अजून लागून असलेल्या उजव्या पंखाच्या पोटातून.

"गोपीनाथ रुपयाचं नाणं घेऊन असेच सांधे ठोकून बघायचे," मितेश कुजबुजला. "तीन महिने झाले, ताई. रोज दुपारी."

३

भुताखेतांवर ताईंचा विश्वास नव्हता. पण त्यांच्या हाताचे केस उभे राहिले, हेही खरं. त्यांनी ते पदराआड लपवलं आणि कामाला लागल्या.

पर्समधून हळदीची डबी काढली. चिमूटभर हळद पाण्यात कालवून सुटलेल्या एका फासळीच्या टोकाला बोट लावलं. पिवळा ठिपका बघता बघता कुंकवासारखा लाल झाला. म्हणजे चुना. म्हणजे दुधाचाच गोंद. दुसरी फासळी, तिसरी, दहावी. सगळ्या लाल. तळाच्या कोपऱ्यांत पांढरी लव उगवली होती, हात लावला तर म्हाताऱ्याच्या दाढीसारखी मऊ. ताईंनी हात झटकला.

पंखाच्या टोकाकडच्या चार फासळ्या मात्र जागच्या जागी घट्ट होत्या. त्यांच्या सांध्यात गडद, जांभळट लाल रेघ होती.

चारच्या सुमाराला प्राप्ती ड्युटीवरून थेट आली. विमानतळावर इंजिनिअर. तिशीची, केस आवळून बांधलेले, रडू दाबून ठेवल्याने आवाज कोरडा.

"लाल रेघेचे सांधे माझे," ती म्हणाली. "रिसॉर्सिनॉल गोंदाचे. पाण्यात उकळले तरी सुटत नाहीत. बाकी सगळे बाबांचे. यावरून आमचं रोज वाजायचं. मी म्हणायचे सगळीकडे लाल लावू. ते म्हणायचे, लालला सांधा केसाइतका घट्ट बसायला लागतो, ऐंशी वर्षांचं लाकूड तसं बसत नाही. दुधाचा गोंद फट भरतो. विमान बनलं त्या कारखान्यातही हाच लावलेला, कोरडा ठेवला तर आपल्या नातवंडांनाही पुरेल."

"मग एपॉक्सी गोंद का नाही लावला?"

"या पत्र्याखाली दुपारी हात ठेवून बघा. साधा एपॉक्सी मऊच पडेल."

"तू इथे किती वेळा येतेस?"

"फक्त रविवारी. कालचा चुकला, ड्युटी होती. खरं सांगू? बाबा गेल्यावर मला इथे उभं राहवत नाही. वास यायचा, मी म्हणायचे खाडीचा चिखल असेल. तो आवाज सुरू झाला की मी कानात बोळे घालायचे, माझ्या चार फासळ्या संपवायचे आणि पळायचे. बाबांच्या भागाकडे मी बघितलंच नाही, ताई. बघायला हवं होतं."

मितेश मागे उभा होता. "म्हणजे गोंद गोपीनाथचा खराब होता."

प्राप्ती गर्रकन वळली. "माझं लायसन काढून घ्या. पण बाबांना खराब म्हणू नका. चाळीस वर्षं त्यांनी लाकडी विमानं जोडली, त्यांच्या हातचा एक सांधा कधी सुटला नाही."

"आता बावीस सुटले," मितेश म्हणाला. तो दुष्ट नव्हता, त्याला फक्त भीती वाटत होती. पण पोरीच्या तोंडावरचा रंग गेला. ताईंना त्या क्षणी कळलं की परवापर्यंत आपल्याला एका लायसनचं नव्हे, एका मेलेल्या माणसाच्या नावाचं काय ते करायचं आहे.

४

मंगळवारी सकाळी त्यांनी डोंबिवलीतच रत्नदीपचं दुकान गाठलं. रत्नदीप म्हणजे तेल लावलेले केस आणि तेल लावलेलं बोलणं. "ताई, आपला माल एकदम ए-वन!" ताईंनी शेडमधून उचललेला लाल गोंदाचा डबा काउंटरवर ठेवला आणि नखाने तारखेचं स्टिकर सोललं. खाली दुसरी तारीख निघाली. सात महिन्यांपूर्वीच उलटून गेलेली.

रत्नदीपचं तेल उतरलं. "फसलो ताई. गोदामात राहिलेला... पण सुटलेत ते सांधे याचे नाहीत ना? हा तर टिकलाय!"

"टिकलाय हे तुझं नशीब. पंख तुझ्या डब्याने पाडला नाही, पाडू शकला असता. हा डबा माझ्याकडे राहील, आणि तुझ्या दुकानाचं काय करायचं ते मी नंतर बघते."

म्हणजे रत्नदीप लबाड होता, पण गुन्हेगार तो नव्हता. लाल सांधे घट्ट, सुटलेले सगळे दुधाचे.

दुपारी त्या पुन्हा शेडमध्ये होत्या. एकट्याच. दाजीने चहा आणून ठेवला आणि दारातूनच परत गेला. ताईंनी जमिनीवरचा तळ उलटा केला. प्रत्येक खणाच्या खाली एक बारीक भोक ठेवलेलं असतं, आत साचलेलं पाणी गळून जावं म्हणून. ताईंनी टॉर्च लावला. भोक दिसेना. बोट फिरवलं, तर त्या जागी बारीक टेंगूळ. सुईने उकरलं आणि त्यातून कापूस निघाला. पिळून पिळून घट्ट केलेली वात, राळेत बुडवून आत ठोकलेली. दुसरं भोक बघितलं. तिसरं. सगळी बुजवलेली, अगदी निगुतीने.

आता हा निव्वळ गोंदाचा प्रश्न उरला नव्हता. कोणीतरी मुद्दाम, वेळ काढून, या पंखात पाणी कोंडून ठेवायची सोय केली होती.

टक, उजवा पंख म्हणाला.

५

कळव्याच्या घरी प्राप्तीने वडिलांचं कपाट उघडून दिलं. खालच्या कप्प्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता.

"साक्षीच्या जोड्या," ती म्हणाली. "बाबा दर वेळी गोंद घोटला की त्याच गोंदाने दोन-दोन लाकडाचे तुकडे जोडायचे. दोन जोड्या. तारीख घालून एक घरी आणायचे, एक विमानाच्या पोटात बांधून ठेवायचे. म्हणायचे, विमान जे सोसेल ते साक्षीदारानेही सोसायला हवं."

ताई टाळी वाजवायच्या बेतात होत्या, पण त्यांनी नुसतं नाक ओढलं. "आणि हे तू मला काल सांगितलं नाहीस!"

"तुम्ही विचारलं नाहीत."

शेडमधल्या पंखाच्या आत सुतळीने बांधलेली एक जोडी त्यांनी आधीच काढून पिशवीत टाकली होती, कशाची आहे हे न कळता. तारीख चौदा नोव्हेंबर. बोटाने दाबली तर चहातल्या खारीसारखी दोन भाग झाली. मध्ये बुळबुळीत पांढरा थर, आणि तोच वास. आता त्यांनी डब्यातून चौदा नोव्हेंबरची दुसरी जोडी शोधली, पायरीवर ठेवली आणि प्राप्तीच्या हातात हातोडा दिला.

"मी?"

"तुझ्या बाबांवर आरोप आहे. तूच ठोक."

पहिला घाव वाया गेला. दुसऱ्या घावाला लाकूड फाटलं. ताईंनी तुकडे उचलून उजेडात धरले. लाकडाचे तंतू उभे चिरले होते, गोंदाची रेघ मात्र जशीच्या तशी. प्राप्ती खाली बसली आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा मोकळी रडली.

"तोच गोंद, तोच दिवस, तोच हात," ताई म्हणाल्या. "एक साक्षीदार घरी राहिला तो लोखंडासारखा. एक शेडमध्ये राहिला तो कुजला. बाबांचं काही चुकलं नाही. शेडमध्ये पाणी घातलं गेलंय, बाई. आणि ऑक्टोबरपासून पावसाचा थेंब नाही."

त्यांनी आतून कुजलेला तुकडा पुन्हा न्याहाळला. बुळबुळीत थरात एक सोनेरी धागा चिकटला होता. गोणपाटाचा.

आणि मग त्यांना सगळंच एकदम दिसलं. कापसाची वात. राळ. दारातली पालथी होडी. 'मी असतो तं नसता झाला.' ताईंनी तुकडा खाली ठेवला. त्यांना गुन्हेगार सापडला होता आणि आनंद अजिबात झाला नव्हता.

६

बुधवारी दहा वाजता त्यांनी तिघांना शेडमध्ये बसवलं. मितेश, प्राप्ती, दाजी. मितेशच्या खिशात पत्र होतंच.

"आधी कोणी केलं नाही ते सांगते," ताईंनी सुरुवात केली. "प्राप्तीने नाही, तिचे सांधे शाबूत आहेत. गोपीनाथांच्या गोंदाने नाही, त्याचा साक्षीदार आम्ही काल फोडून पाहिला. रत्नदीपने नाही, तो फक्त चोर आहे. हा पंख पाण्याने मेला. दुधाच्या गोंदाला दोन-तीन महिने ओल दिली की त्याला बुरशी खाते, म्हणून तो वास. ओलं लाकूड दुपारी तापून आवळतं, आणि कुजलेला सांधा तुटतो. म्हणून तो ठोका. माणूस गेलेला नाही, असं वाटायला लावणारं सगळं पाण्यानेच केलं. प्रश्न एवढाच की पाणी कोणी घातलं आणि भोकं कोणी बुजवली."

मितेश ताडकन उठला. "कोण आहे तो?"

"बसा. तो वैरी असता तर भोकं चिखलाने लिंपली असती. ही तर कापसाची वात पिळून, राळ पाजून बुजवली आहेत. असं माणूस फक्त स्वतःच्या होडीला करतो." त्या वळल्या. त्यांचा आवाज नकळत उतरला. "दाजी, बुडाला भोक असलेली होडी तुम्हाला बघवली नाही ना?"

दाजीने मान हलवली. त्याला अजून काही कळलं नव्हतं.

"गोपी मना बोललेला," तो म्हणाला. "मरायच्या आदल्या दिशी. दाजी, माज्या मागे हिला जप. मना दुसरा काय येतो बाय? सुक्यावर काढलेली होडी तापली का फाकते. मग तिला पानी पाजतात, गोनपाट घालतात. मी रोज सांजचा दोनी पंखांवर घालायचो, सकालचा उचलायचो. शेट वरडतील म्हनून. आयतवारी पोर येते म्हनून फकस्त शनवारी नाय घालायचो." त्याने डोळे पुसले. "आनि तो ठोकायचा ना. दुपारचा. मना वाटायचा गोपी पानी मागतोय. जास्ती ठोकला का मी जास्ती पानी घालायचो. या वेली खडवलीला रायलो. दोन दिस पानी नाय भेटला, म्हनून फाकली. माजीच चूक."

मितेश खाली बसला. ताईंनी आयुष्यात शेकडो माणसांना तोंडावर सांगितलं होतं की तुझ्यामुळे हे मोडलं. आज जीभ जड झाली. पण खोटं सांगणं त्यांना जमत नव्हतं, आणि अर्धवट खरं त्याहून नाही.

"दाजी, तुम्ही दोन दिवस गेलात म्हणून पंख फाकला नाही. तुम्ही तीन महिने पाणी घातलंत म्हणून. तो पाणी मागत नव्हता."

"मग?"

"पुरे म्हणत होता."

म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ते हात मोठे होते, पाण्याने सुरकुतलेले, आणि कडेवर उमटलेले ओले पंजे कोणाचे हे आता मितेशलाही विचारावं लागलं नाही. त्याने खिशातला कागद काढून फाडला. मग काय करावं न सुचून तुकडे परत खिशात घातले.

दाजीने मान वर केली. "बाय, एक इचारू? पानी मी ठोका आयकून घालाया लागलो. बाराव्याच्या दुसऱ्या दिशी. तवा तर सगला सुका होता. मग पयला ठोका कोनाचा?"

ताईंनी तोंड उघडलं. "पत्रा तापला असेल," त्या म्हणाल्या.

"असंल," दाजी म्हणाला.

जानेवारीत पत्रा असा किती तापणार, हे ताईंनी कोणाला विचारलं नाही. घरी जाऊनही त्या रात्री त्यांनी तो विचार मनात येऊ दिला नाही, आणि तो आलाच.

७

मेच्या शेवटी प्राप्तीचा फोन आला म्हणून ताई पुन्हा कोलशेतला गेल्या. शेडची दारं सताड उघडी होती, वास गेला होता. दोन्ही पंख पहिल्यापासून जोडायला घेतले होते. नवी फासळी, नवं लाकूड, प्रत्येक सांधा केसाइतका घट्ट तासलेला, आणि प्रत्येक सांध्यात तीच गडद लाल रेघ. डब्यावरची तारीख ताईंनी नखाने खरवडून बघितली. खरी होती.

"बाबांचा हट्ट मोडलास?"

"बाबांचा गोंद चांगलाच होता, ताई. पण तो कोरड्यात राहणाऱ्यांसाठी." प्राप्तीने शिकंजा आवळत दाराकडे बघितलं. "मितेश म्हणाला राखणदार बदलू. मी म्हटलं, दाजी इथेच राहणार. मग गोंद मलाच बदलावा लागणार ना? आता त्यांना वाटलंच कधी, तर घालू देत बादलीभर पाणी."

साक्षीच्या दोन जोड्या बनवून तिने एक पिशवीत टाकली आणि एक पंखाच्या आत बांधली. मग हाक मारली.

दाजी आला. प्राप्तीने त्याच्या तळव्यावर एक जुना रुपया ठेवला, झिजून कडा गुळगुळीत झालेला. गोपीनाथचा. "चला, कालचे सांधे ठोकून द्या. तुमच्याएवढा लाकडाचा कान इथे कोणाला नाही."

म्हातारा घोड्यांपाशी गेला. एकेका सांध्यावर रुपया ठोकत, प्रत्येक ठोक्यानंतर थांबत तो पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. शेवटच्या फासळीवर त्याने कान टेकला आणि बराच वेळ तसाच राहिला. बाहेर ओहोटी होती. दुपार चढली होती, पत्रा वाकत होता. ताईंनीही श्वास धरला.

"काय म्हणतो?" शेवटी प्राप्तीने विचारलं.

"काय नाय," दाजी म्हणाला. "आता गप हाय."

त्याने पंखाच्या तळावरून हात फिरवला, कोरडा आहे याची खात्री केली, रुपया खिशात ठेवला आणि आपल्या होडीला पाणी घालायला बाहेर गेला.